बुबूची साक्ष

न्यायमूर्ती हमिदा सोलकर रत्नागिरी स्टेशनात उतरल्या तेव्हा हातात एक बॅग आणि मागे कोणी नाही. ना पट्टेवाला, ना पोलीस. अहो, हायकोर्टाचे जज्ज गावाकडं यायचे म्हणजे केवढा लवाजमा असतो! दिव्याची गाडी काय, विश्रामगृह काय, हार घेऊन ताटकळलेले वकील काय. बाईंनी सगळ्यांना आधीच फोनवरून झाडलं होतं. "घरचं काम आहे. कोणी फिरकलात तर बघा." बाईंचा आवाज असा की समोरचा फोनवरही उभा राहून बोले.

काम तसं साधंच होतं. तालुक्याच्या कोर्टात एका दाव्यात साक्ष द्यायची, दुसऱ्या दिवशी परत मुंबई. दावा त्यांच्या भावजयीचा, आयातचा. आयातचा नवरा तहा म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो आपल्या नाटे गावच्या किनाऱ्यावरून एकटाच होडी घेऊन जाळं बघायला गेला. होडी मिळाली, जाळंही मिळालं. तहा मिळाला नाही. आता कायदा असा आहे की सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, ज्यांना खबर लागायला हवी त्या घरच्या माणसांनाही नाही, त्याला मेलेला धरता येतं. पण ते कोर्टानं म्हणावं लागतं, आणि घरच्या माणसानं तसं शपथेवर सांगावं लागतं.

बाई मुंबईहून प्रतिज्ञापत्र पाठवणार होत्या. आयातच्या वकिलालाही तेच सोयीचं. पण आयात हटून बसली. "कागद नको. बुबू, तुमीच या. तुमच्या तोंडानं सांगा." बुबू म्हणजे मोठी बहीण. तहा म्हणायचा म्हणून सगळं घर बाईंना बुबूच म्हणायचं. हायकोर्टात 'माय लॉर्ड' ऐकून ऐकून विटलेल्या बाईंना हा एक शब्द ऐकला की अजून आपल्याला कुणीतरी ओळखतं असं वाटे.

तहाला बाईंनीच वाढवला होता, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याच्या जन्मानंतर आई आठवड्यात गेली. बाप गुलाम रसूल तांडेल, म्हणजे मचव्याचा मुख्य. वर्षातले आठ महिने समुद्रावर. तेव्हा हमिदा बारा वर्षांची. एका काखेत तहा आणि एका हातात पुस्तक, अशी ती शिकली. कायद्याची परीक्षा दिली तेव्हा हा पठ्ठ्या बाहेर पायरीवर बसून राहिला होता, पेपर संपेपर्यंत. "ऊठ" म्हटल्याशिवाय उठायचा नाही, "बस" म्हटल्याशिवाय बसायचा नाही. लग्न कर म्हटलं, केलं. आखातातून परत ये म्हटलं, आला. बुबूचा शब्द म्हणजे त्याला सुप्रीम कोर्ट.

बाई दिवाणी न्यायाधीश झाल्या, ती पहिली नेमणूक याच जिल्ह्यात, वरच्या अंगाच्या एका किनारी तालुक्यात. तिथं मथुरा नावाची एक कोळीण आली होती. तिचा मुलगा असाच समुद्रावर नाहीसा झालेला. पुरावा झाला, सगळं रीतसर झालं, हमिदाबाई आता निकाल सांगणार, एवढ्यात म्हातारी उठून उभी राहिली. "बाय, कोंबडीचोराचं नावसुदीक तुमी तीन वेळा पुकारताव. तो नाय आला मंगच पुढं जाताव. माज्या पोराला न पुकारताच मेला म्हनून सांगताव व्हय?"

कोर्टात कुणीतरी हसलं. हमिदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सदू शिपायाला सांगितलं, समुद्राकडच्या व्हरांड्यात जा आणि पुकार. सदूनं तीनदा पुकारा केला. मथुरा कान देऊन ऐकत राहिली. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर तिनं मान हलवली आणि म्हणाली, "आता लिवा." त्या दिवसापासून तो पायंडा पडला. बाई बदलून गेल्या, जिल्हा न्यायाधीश झाल्या, हायकोर्टात गेल्या. पण इथल्या किनारी कोर्टांत समुद्रावर गेलेल्या माणसाचं नाव पुकारल्याशिवाय त्याला मेलेला म्हणायचं नाही, ही रीत राहिली ती राहिलीच. कुठल्या नियमात आहे म्हणाल, तर कुठल्याच नाही.

आता जे सांगतो ते बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. तहा गेला त्याच्या चाळिसाव्या दिवसापासून त्यांना हाका ऐकू येत होत्या.

मुंबईत त्यांचा सरकारी फ्लॅट समुद्राच्या बाजूला. तिन्हीसांजेला कोर्टातून येऊन त्या चहा घेत बसत, आणि दाराबाहेरून आवाज येई. "बुबू…" थोडं थांबून पुन्हा, "बुबू…" बस्स. दोनच हाका. लहानपणी आजीनं बजावलं होतं, कातरवेळी कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. तिसऱ्या हाकेची वाट बघावी. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे काही असतं, त्याला तिसरी हाक जमत नाही. कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा, हिंदू असो की मुसलमान, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाई एवढ्या शिकल्या-सवरलेल्या, पण कप हातात धरून तिसऱ्या हाकेची वाट बघत. ती यायची नाही. मग चहा निवून जायचा.

त्यांनी कान तपासून घेतले. कान ठणठणीत. बाकी कुणाला सांगणार? जज्जाला आवाज ऐकू येतात म्हटल्यावर उद्या त्यांच्या निकालांवर कोण विश्वास ठेवणार? आणि खरं सांगायचं तर त्यांना ते बंद व्हायलाही नको होतं. दोन तर दोन, हाका होत्या ना. आवाज त्याचाच होता.

नाट्याला आयातच्या घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून बाई अंगणात आल्या. आयात दारात उभी. चाळिशीची बाई, पण सात वर्षांत दहा-पंधरा वर्षांनी थकलेली. तिनं बुबूंचा हात धरून आत नेलं, भाकरी आणि तळलेले बांगडे पुढं ठेवले. आणि सूर्य टेकायला लागला तशी घरातली दारं-खिडक्या लावत सुटली. स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला. खोबरं वाटून झालं, मिरच्या वाटून झाल्या, तरी मिक्सर चालूच. शेवटी रिकाम्या भांड्यात पाणी घालून तेच फिरवायला लागली.

"अगं, काय वाटतेयस एवढं? गावजेवण आहे का?" बाई ओरडल्या.

"उद्याचं करून ठेवत्ये," आयात म्हणाली. पुरता काळोख झाला तेव्हा कुठं तिनं बटण बंद केलं.

रात्री दोघी अंथरुणावर पडल्या. आयात छताकडं बघत बोलत होती. "बुबू, मी कोण आहे सांगा. बाया मला लग्नात बोलवत नायत, म्हणतात हिच्या नवऱ्याचं असं झालंय. मयतीला गेले तर म्हणतात, तुझा तर अजून यायचाय. नवऱ्यामागं इद्दतीला बसावं, तर मौलवीसाब म्हणतात, मयत कुठंय? माझ्या मेल्या नवऱ्यासाठी मला सात वर्षांत एकदा धड रडता आलं नाय. रडले तर माझ्याच आईनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, जिवंत माणसासाठी रडू नये, अपशकुन होतो. मला घर नको, काय नको. मला एकदा रडू द्या, बुबू."

आपण मुंबईत बसून दोन हाकांवर भागवलं आणि ही पोर इथं मधल्यामधे लोंबकळत राहिली, हे त्यांना फार लागलं. "उद्या सांगते मी," त्या म्हणाल्या. "सरळ सांगते."

दुसऱ्या दिवशी कोर्टात ही गर्दी! हायकोर्टाच्या जज्ज साक्षीला उभ्या राहणार म्हटल्यावर ज्याचं काम नाही तो वकीलही कोट चढवून हजर. न्यायाधीश तेजस्वी मॅडम नव्याच, तिशीच्याही नसतील. बाई आत आल्या तशा त्या खुर्चीतून उठल्याच.

"बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही कोर्ट आणि मी साक्षीदार. तुम्ही उभ्या राहिलात तर मी कुठं बसू?" लोक हसले, तेजस्वी मॅडमही थोड्या सैल झाल्या. शपथ द्यायला सदू आला. तोच, पहिल्या नेमणुकीतला सदू शिपाई. बदली होत होत इथं आलेला, आता निवृत्तीला टेकलेला. हजारो लोकांना शपथ घेताना पाहिलेल्या बाईंनी जन्मात पहिल्यांदा स्वतः साक्षीची शपथ घेतली. अल्लाला स्मरून खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. बोलताना आवाज कापला याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

भर दुपार. चिऱ्याची जुनी इमारत, वर पंखा, खिडकीतून दिसणारा पांढराफटक रस्ता. झाडाचं पानही हलत नव्हतं. आयातच्या वकिलानं नाव, गाव, नातं विचारलं. होडीचं विचारलं. मग तो मुख्य प्रश्नावर आला.

"या सात वर्षांत तुमचे भाऊ तहा यांची काही खबर, निरोप, फोन… कोणत्याही प्रकारे ते हयात असल्याचं तुम्हाला कधी समजलं का?"

बाईंनी तोंड उघडलं, आणि व्हरांड्यातून आवाज आला.

"बुबू…"

भर दुपारी. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बाईंनी समोर पाहिलं. वकील उत्तराची वाट बघत होता. टंकलेखक बोटं उचलून बसला होता. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही.

"बुबू…"

आता आवाज जवळ आला होता. खारट वास आला, ओल्या जाळ्याला येतो तसा. पिंजऱ्याच्या कठड्यावर बाईंची बोटं घट्ट आवळली गेली.

"मॅडम?" तेजस्वी मॅडम हळूच म्हणाल्या. "पाणी हवंय का?"

बाईंनी हातानंच थांबा म्हटलं. त्या वाट बघत होत्या. येणार नाही, आजवर कधी आली नाही, आजही येणार नाही, आणि मग मी सरळ उत्तर देईन… पंख्याची करकर तेवढी चालू होती.

आणि त्यांच्या पाठीमागच्या खिडकीशी, अगदी कानाजवळ, लहानपणी झोपेतून उठवायचा त्याच हळू आवाजात, कुणीतरी म्हणालं, "बुबू… मी आहे ना."

तिसरी हाक!

या अल्ला. बाईंना मागं वळून बघायचं होतं. मान वळेना. आजीचं म्हणणं खरं, तर बाहेर जिवंत माणूस उभा होता. खोटं, तर बाहेर कोण होतं ते एक अल्लाच जाणे. पण शपथ? शपथेत आजीही नव्हती आणि कायदाही नव्हता. शपथ एवढीच, की खरं सांगेन. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना याच एका गोष्टीसाठी फैलावर घेतलं होतं. ऐकलं ना? मग ऐकलं म्हणा. नंतर काय ते कोर्ट बघेल. आणि आज "हो, ऐकलं" म्हटलं तर दावा तिथंच बारगळणार, आयात पुन्हा त्या उंबऱ्यावर उभी, आत ना बाहेर. किती वर्षं? जन्मभर?

त्यांची नजर आयातकडं गेली. आयात पहिल्या बाकावर बसली होती. ओढणीचा बोळा तोंडात कोंबलेला, डोळे बाईंच्या चेहऱ्यावर खिळलेले. तिनं मान हलवली. जेमतेम दिसेल एवढीच. नको.

"नाही," न्यायमूर्ती हमिदा सोलकर म्हणाल्या. "काही खबर नाही. माझा भाऊ गेला. मी त्याला वाढवला होता, तो असता तर माझ्याकडं आल्याशिवाय राहिला नसता."

मागची खिडकी गप्प झाली. वासही गेला. मग तेजस्वी मॅडमनी इशारा केला आणि सदू व्हरांड्यात गेला. "तहा गुलाम रसूल सोलकर… हाजिर आहे?" एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याचा आवाज जरा भरून आला, कारण तहाला तोही ओळखायचा. कुणी आलं नाही. बाहेरच्या रस्त्यावरून एक एसटी गेली. तेजस्वी मॅडमनी तिथल्या तिथं निकाल सांगितला आणि आयातनं सात वर्षांचा हंबरडा फोडला. तिचा आक्रोश ऐकून वकीलसुद्धा बाहेर जाऊन उभे राहिले.

बाई रडल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर खोटं बोलल्या होत्या, आणि ज्याच्याबद्दल बोलल्या तो पाठीशी उभा असताना. त्यांना हलकंही वाटत होतं आणि स्वतःची शरमही वाटत होती. दोन्ही एकदम.

संध्याकाळी आयातनं पांढरी ओढणी घेतली आणि आतल्या खोलीत इद्दतीला, म्हणजे विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांताला, बसली. मौलवीसाहेबांनी सांगितलं होतं, निकाल झाला की त्याच दिवसापासून मोज. शेजारणी येऊन गळ्यात पडून गेल्या. मग घर रिकामं झालं. तिन्हीसांज झाली. आज दारं उघडी होती, मिक्सर बंद होता. माडांच्या आगरातून वारा येत होता. समुद्र गाजत होता, बाकी काही नाही. काळोख पडला तरी काही नाही.

"गेला," आयात म्हणाली.

बाईंनी तिच्याकडं वळून पाहिलं. "म्हणजे… तुलाही…?"

"सात वर्षं. रोज, दिवेलागणीला. हितं दारात उभा राहून."

"मग तू ओ का नाही दिलीस? तुझा नवरा ना तो?"

"मला कुठं बोलवत होता?" आयातचा आवाज अगदी सपाट होता. "माझ्या दारात यायचा आणि 'बुबू' म्हणायचा. दोनदा. मग जायचा. मी इतकी वर्षं त्याची बायको, एकदापण माझं नाव घेतलं नाय त्यानं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी ओ दिली असतीत." तिनं पांढरी ओढणी सावरली. "म्हणून तुमाला बोलावलं, बुबू. कागद त्याला काय कळणार? तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो गेला नसता. तुमचंच ऐकायचा तो."

राग यावा की कीव, बाईंना कळेना. या पोरीनं त्यांना साक्षीला नव्हतं बोलावलं. निकाल द्यायला बोलावलं होतं, आणि त्यांनी तो दिला होता.

तेवढ्यात फोन वाजला. मुंबईहून गोदूबाई, बाईंच्या फ्लॅटवर वर्षानुवर्षं काम करणारी. बाईंनी फोन कानाला लावला. आयात ऐकत होती.

"बाई, रागावू नका हां, पण मी दार उघडलंय. तुमचे भाऊ आलेत."

बाईंनी भिंतीला हात टेकला. दुपारी कोर्टात, संध्याकाळी मुंबईत. तसं म्हटलं तर जमतं. दुपारची गाडी धरली तर जिवंत माणसालाही जमतं.

"कोण… कोण भाऊ?"

"असं काय करता? तहा म्हणतात. तुमच्यासारखंच नाक आहे की. पण बाई, किती भिजलेत हो! इकडं तर टिपूस नाही. मी दोनदा लादी पुसली, पुन्हा पाणीच पाणी. टॉवेल दिला तर नुसता हातात धरून दारात उभे आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत."

"काय म्हणतोय तो?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना.

"म्हणतात, बुबू दुपारी कोर्टात जे बोलली ते मी ऐकलं. माझा राग नाही. पण ते लोकांसमोर होतं, म्हणून घरी विचारायला आलो." गोदूबाईनं आवाज खाली आणला. "म्हणतात, बुबू बस म्हणाली तर बसतो, जा म्हणाली तर जातो. एवढंच विचार."

आयात उठून उभी राहिली होती. तिचा हात बाईंच्या मनगटावर होता.

"बाई, ऐकताय ना? ते माझ्याकडंच बघतायत," गोदूबाई म्हणाली. "काय सांगू त्यांना? बसा म्हणू, की जा म्हणू?"